रक्त वाहताना दिसतं, म्हणजे नेमकं काय दिसतं?

इंटरनेटवर रक्तप्रवाहाची सिम्युलेशन शोधलीत तर एक प्रकारचं चित्र पुन्हा पुन्हा समोर येतं. काचेसारखी पारदर्शक धमनी असते आणि तिच्यातून निळ्या, हिरव्या, पिवळ्या, लाल रेषा सळसळत जात असतात. वळणावर त्या दाटतात, फाटा आला की विभागतात, मध्येच एखादा भोवरा गरगरतो. माऊसने धमनी फिरवता येते, आत शिरता येतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की कुणीतरी आत कॅमेराच सोडलाय.

आत कॅमेरा नसतो. त्या रेषा म्हणजे हिशोबातून निघालेले आकडे असतात. प्रत्येक ठिकाणी रक्ताचा वेग किती आणि दाब किती हे संगणकाने काढलेलं असतं, आणि मग कुणीतरी त्या आकड्यांना रंग आणि आकार दिलेला असतो.

मी साहित्याची विद्यार्थिनी आहे, गणित बारावीलाच सोडलं. तरी हा विषय मला आपल्या मंडळाच्या अंकासाठी योग्य वाटला, कारण यातला शेवटचा प्रश्न आपल्या वर्गातलाच आहे. समोर आलेली गोष्ट कुणी, कशाच्या आधारावर आणि कोणत्या रूपात मांडली, आणि त्या रूपामुळे वाचणाऱ्याला काय दिसलं नि काय सुटलं? कवितेच्या बाबतीत चूक झाली तर फार तर दोन मार्क जातात. इथे वाचणारा डॉक्टर असतो आणि पलीकडे टेबलावर माणूस असतो.

गवताचं बी आणि काचेची नळी

रक्त वाहताना बघायची इच्छा संगणकापेक्षा फार जुनी आहे. 1510 च्या दशकात लिओनार्दो दा विंची बैलाच्या हृदयाचा अभ्यास करत होता. हृदयातून महाधमनी जिथे निघते तिथे तीन पाकळ्यांची झडप असते, आणि पाकळ्यांच्या मागे धमनीची भिंत थोडी फुगीर असते. हा फुगवटा कशासाठी, हे त्याला कळेना. त्याने त्या भागात मेण ओतून साचा घ्यायचा, त्यावरून काचेची प्रतिकृती करायची आणि तिच्यातून पाणी सोडायचं, अशी युक्ती लिहून ठेवलीय. पण स्वच्छ पाणी वाहताना काही दिसत नाही. म्हणून त्याने पाण्यात गवताचं बी मिसळायचं ठरवलं. बी जिकडे जाईल तिकडे पाणी गेलं.

त्यातून त्याला कळलं की पाकळ्यांमागच्या फुगवट्यात भोवरे तयार होतात आणि हे भोवरेच पाकळ्या मिटायला मदत करतात. त्याच्या वहीत या भोवऱ्यांची चित्रं आहेत. साडेचारशे वर्षांनी, 1960 च्या दशकात, ऑक्सफर्डमधल्या प्रयोगांनी त्याचं म्हणणं बरोबर ठरवलं.

आजच्या सिम्युलेशनमधल्या रंगीत रेषा म्हणजे लिओनार्दोचं गवताचं बीच आहे. फरक इतकाच की त्याचं बी खरं होतं, पाणीही खरं होतं. आजचं बी आणि पाणी दोन्ही हिशोबातले आहेत.

हा हिशोब करायला लागणारी समीकरणंही जुनीच. विल्यम हार्वेने 1628 मध्ये रक्त शरीरात फिरून परत हृदयाकडे येतं हे पुस्तक लिहून मांडलं. एकोणिसाव्या शतकात नाविए या फ्रेंच इंजिनियरने आणि पुढे केंब्रिजच्या स्टोक्सने चिकट द्रव कसा वाहतो याची समीकरणं मांडली. त्याच काळात प्वाझय या फ्रेंच डॉक्टरला केशवाहिन्यांतून रक्त कसं जातं हे समजून घ्यायचं होतं. त्याने बारीक काचेच्या नळ्यांतून द्रव सोडून मोजमाप केलं. त्याचा निष्कर्ष धक्कादायक आहे. नळीची त्रिज्या निम्मी केली, तर तेवढ्याच दाबाने जाणारा द्रव निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा होतो. म्हणजे नळी किती अरुंद झाली हा आकडा आणि प्रवाह किती कमी झाला हा आकडा, यांचं नातं सरळ नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

साठ टक्के म्हणजे किती?

गेल्या वर्षी माझ्या पप्पांची अँजिओग्राफी झाली. रिपोर्टमध्ये एका धमनीत 60 टक्के ब्लॉक असं लिहिलं होतं. घरात त्या आकड्याने धुमाकूळ घातला. मम्मीला वाटलं की निम्म्याहून जास्त रक्त बंदच झालंय. काकांचं म्हणणं होतं की ऐंशीच्या खाली असेल तर काही करू नये. शेजारच्या आंटींनी ताबडतोब स्टेंट टाकून घ्या म्हणून सांगितलं. सगळे एकाच आकड्यावर बोलत होते आणि तो आकडा खरं म्हणजे कुणाच्याच प्रश्नाचं उत्तर नव्हता.

60 टक्के म्हणजे त्या जागी धमनीचा व्यास साठ टक्क्यांनी कमी दिसतोय, एवढंच. हे सावलीवरून केलेलं मोजमाप आहे. धमनीत रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांनी जी सावली पडते, तिची रुंदी डॉक्टर बघतात. त्यावरून पलीकडच्या हृदयाच्या स्नायूला रक्त पुरतंय की नाही हे थेट कळत नाही.

का कळत नाही? आपण बेळगावकर चोर्ला घाटाने गोव्याला जातो, तेच उदाहरण घेऊ. समजा वाटेत एक पूल अरुंद आहे, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. रात्री दोन वाजता गेलात तर पूल अरुंद आहे हे जाणवणारही नाही. ख्रिसमसच्या आदल्या दिवशी जाऊन बघा. पूल तोच, रुंदी तीच, पण मागे रांग लागलेली. पूल किती अरुंद आहे यापेक्षा गर्दीच्या वेळी त्यावरून पुरेशा गाड्या जातात का, हा खरा प्रश्न.

हृदयाचंही असंच. ब्लॉक असला तरी त्याच्या पुढच्या बारीक वाहिन्या स्वतःला सैल करून प्रवाह सांभाळून घेतात. बसल्या जागी काही त्रास होत नाही. जिना चढताना, धावताना हृदयाला जास्त रक्त लागतं. तेव्हा त्या वाहिन्या आधीच पूर्ण सैल झालेल्या असतील तर आणखी देण्यासारखं काही उरत नाही, आणि छाती भरून येते.

हे मोजायची एक पद्धत आहे, तिला एफएफआर म्हणतात. केसासारखी बारीक तार धमनीतून ब्लॉकच्या पलीकडे नेतात. तिच्या टोकाजवळ दाब मोजणारा सेन्सर असतो. मग अॅडेनोसीन हे औषध देऊन बारीक वाहिन्या मुद्दाम सैल करतात. म्हणजे घाटात ख्रिसमसची गर्दी मुद्दाम आणायची. अशा वेळी ब्लॉकच्या पलीकडचा दाब भागिले महाधमनीतला दाब, हा तो आकडा. महाधमनीत 100 आणि पलीकडे 75 असेल तर एफएफआर 0.75. साधारणपणे 0.80 किंवा त्याहून कमी आला तर ब्लॉक खरोखर प्रवाह अडवतोय असं धरतात.

यावरचा फेम नावाचा मोठा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिका आणि युरोपातले 1005 रुग्ण त्यात होते. निम्म्यांना अँजिओग्राफीच्या चित्रावरून स्टेंट टाकले, निम्म्यांना एफएफआर मोजून. मोजून टाकलेल्यांत सरासरी 1.9 स्टेंट लागले, चित्रावरून टाकलेल्यांत 2.7. एका वर्षात मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पुन्हा प्रोसिजर करावी लागणं यांपैकी काहीतरी झालं अशांचं प्रमाण मोजलेल्या गटात 13.2 टक्के होतं, चित्रावरच्या गटात 18.3 टक्के. म्हणजे स्टेंट कमी टाकले आणि माणसं जास्त बरी राहिली. याच अभ्यासातून दिसलं की 50 ते 70 टक्के दिसणाऱ्या ब्लॉकपैकी जेमतेम 35 टक्के ब्लॉक प्रवाहाला खरे अडवणारे होते. 71 ते 90 टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये मात्र ते प्रमाण 80 टक्के होतं.

पप्पांच्या वेळी डॉक्टरांनी ती तार घातली. आकडा 0.86 आला. स्टेंट टाकला नाही. सध्या गोळ्या, कमी तेल आणि सकाळचं चालणं यावर चाललंय. हे लिहिताना एक सांगायलाच हवं. हा सगळा हिशोब शांतपणे तपासणी करायला वेळ असलेल्या रुग्णाचा आहे. ज्याला आत्ता हार्ट अटॅक आलाय त्याची गोष्ट पूर्ण वेगळी, तिथे एक मिनिट घालवायचं नसतं.

पण त्या तारेसाठी माणसाला कॅथ लॅबमध्ये न्यावं लागतं, धमनीत हात घालावा लागतो. मग प्रश्न येतो: तार न घालता, नुसत्या सीटी स्कॅनवरून हा दाब हिशोबाने काढता येईल का? सिम्युलेशन इथे उपयोगी पडतं.

संगणक नक्की काय करतो

स्टॅनफर्ड विद्यापीठात इंजिनियर चार्ल्स टेलर आणि रक्तवाहिन्यांचे सर्जन क्रिस्तोफर झारिन्स यांनी 1990 च्या दशकापासून या प्रश्नावर काम केलं. पुढे त्यातूनच हार्टफ्लो ही कंपनी उभी राहिली. सीटी स्कॅनवरून एफएफआर काढणाऱ्या तिच्या पद्धतीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2014 मध्ये मान्यता दिली. पायऱ्या अशा.

पहिली पायरी आकाराची. सीटी स्कॅन म्हणजे शरीराच्या पातळ कापांची चित्रं. ती एकावर एक ठेवून धमनीचा त्रिमितीय आकार काढायचा. सोपं वाटतं, पण हृदयाच्या धमन्या दोन ते चार मिलिमीटर रुंद आणि स्कॅनमधला सगळ्यात लहान ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. कॅल्शियम साचलेलं असेल तर तो भाग स्कॅनमध्ये फुगलेला दिसतो. म्हणून भिंत नेमकी कुठे आहे हे सॉफ्टवेअरने काढलं तरी प्रशिक्षित माणूस ते तपासतो, दुरुस्त करतो.

दुसरी पायरी जाळीची. त्या आकाराच्या आतली जागा लाखो बारीक तुकड्यांत विभागायची. सगळ्या धमनीचं उत्तर एकदम काढता येत नाही, म्हणून एकेका तुकड्याचं काढायचं. प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्याला विचारतो की तुझ्याकडून किती आलं, मी पुढे किती देऊ. आमच्या शेजारची भावंडं याला विहिरीवर हंडे पास करायची रांग म्हणाली, ते मला पटलं.

तिसरी पायरी नियमांची. प्रत्येक तुकड्यात नाविए-स्टोक्स समीकरणं सोडवायची. त्यांचा अर्थ दोन वाक्यांत सांगता येतो. जेवढं रक्त आत आलं तेवढं बाहेर गेलं पाहिजे, मध्येच नाहीसं होणार नाही. आणि रक्ताचा वेग बदलला तर तो दाबामुळे किंवा चिकटपणामुळेच बदलला असणार. रक्त पाण्यापेक्षा साधारण तीन-चार पट चिकट असतं. मोठ्या धमन्यांत त्याला एकसंध द्रव मानलं तरी चालतं. केशवाहिन्यांत हे चालत नाही, कारण तिथे वाहिनी आणि तांबडी पेशी जवळपास सारख्याच मापाच्या, आणि पेशी अंग चोरून एकामागून एक जातात.

चौथी पायरी कडांची, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. आपण धमनीचा एक तुकडा कापून घेतलाय. त्याच्या आधी काय आहे आणि नंतर काय आहे हे संगणकाला कुणीतरी सांगावं लागतं. पुढच्या बारीक वाहिन्या स्कॅनमध्ये दिसतच नाहीत, त्यांचा विरोध किती हे अंदाजानेच ठरवायचं. हार्टफ्लोची पद्धत असं धरते की हृदयाचा स्नायू जेवढा मोठा, तेवढं त्याला रक्त लागणार. स्नायूचं आकारमान स्कॅनवरून कळतं, त्यावरून प्रवाह ठरवतात. मग अॅडेनोसीन दिलं असतं तर विरोध किती कमी झाला असता हेही हिशोबात घालतात. रुग्णाला औषध न देता, फक्त समीकरणातल्या वाहिन्या सैल होतात.

एवढं झाल्यावर संगणक काही तास चालतो आणि प्रत्येक बिंदूला एक आकडा देतो. असे लाखो आकडे कुणी वाचू शकत नाही. म्हणून चित्र.

हात लावला की बदलणारं चित्र

नुसतं चित्र असेल तर ते आजची परिस्थिती सांगतं. डॉक्टरला त्यापुढचा प्रश्न असतो: मी इथे काही केलं तर काय होईल? इंटरॅक्टिव्ह सिम्युलेशन म्हणजे असं चित्र, ज्याला हा प्रश्न विचारता येतो. पडद्यावरचा ब्लॉक ओढून रुंद करायचा, आणि पलीकडचा दाब किती सुधारतो ते लगेच बघायचं. एकाच धमनीत दोन ब्लॉक असतील तर कोणता उघडला की फायदा जास्त, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवणं अवघड असतं, कारण एक उघडला की दुसऱ्यावरचा प्रवाह बदलतो.

यात एक अडचण आहे. पूर्ण हिशोबाला तास लागतात आणि माऊस हलवणाऱ्याला उत्तर सेकंदात हवं असतं. म्हणून अशा वेळी सोपा हिशोब वापरतात. धमनीच्या आतला प्रत्येक भोवरा न काढता, तिला वेगवेगळ्या रुंदीच्या नळ्यांची साखळी मानायची आणि फक्त दाब नि प्रवाह काढायचा. थोडक्यात, वेग हवा असेल तर बारकावा सोडावा लागतो. हा सौदा वाईट नाही, पण झालेला आहे हे बघणाऱ्याला माहीत असायला हवं.

असल्या ‘केलं तर काय होईल’ची सगळ्यात हेलावणारी गोष्ट लहान मुलांची आहे. काही बाळं हृदयाचा एकच उपयोगी कप्पा घेऊन जन्माला येतात. त्यांच्यासाठी फ्रान्समधल्या बोर्दोचे सर्जन फ्रान्सिस फोन्तान यांनी एक शस्त्रक्रिया काढली, जी 1971 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या आजच्या रूपात शरीराकडून परत येणाऱ्या दोन्ही मोठ्या शिरा थेट फुप्फुसांच्या धमन्यांना जोडतात. एकुलता कप्पा शरीराला रक्त पुरवतो आणि फुप्फुसांकडे रक्त पंपाशिवाय, नुसतं वाहत जातं. पंप नाही म्हटल्यावर जोडणीत वाया गेलेली थोडीशी ऊर्जासुद्धा महाग पडते. वरून येणारी शीर आणि खालून येणारी शीर समोरासमोर जोडल्या तर दोन्ही प्रवाह एकमेकांवर आदळतात. लंडनमधले सर्जन मार्क द लेव्हाल यांनी मिलानच्या इंजिनियरांबरोबर 1996 मध्ये संगणकावर वेगवेगळ्या जोडण्या तपासून दाखवलं की जोडाची जागा आणि आकार बदलला की हा तोटा कमी होतो.

पुढे आणखी एक गोष्ट लक्षात आली. यकृताकडून येणारं रक्त दोन्ही फुप्फुसांना मिळालं पाहिजे. एका बाजूला ते पोचलं नाही तर त्या फुप्फुसात रक्तवाहिन्यांचे चुकीचे जोड तयार होऊ शकतात. हे रक्त सिम्युलेशनमध्ये वेगळ्या रंगाने दाखवलं की ते कुठे किती जातं हे दिसतं. गवताच्या बियाच पुन्हा, पण या वेळी फक्त यकृताच्या रक्तात टाकलेल्या. स्टॅनफर्डशी जोडलेल्या अॅलिसन मार्सडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरून दोन फाट्यांची, वाय अक्षरासारखी नळी सुचवली, आणि नंतर ती खरोखर मुलांमध्ये बसवलीही गेली. प्रत्येक मुलात सारखा फायदा दिसला नाही. एका मुलाला जी जोडणी चांगली, ती दुसऱ्याला नसेलही. म्हणूनच ज्याचा हिशोब त्याच्याच शरीरावरून करायचा.

रंग कुणी निवडले?

आता रंगांकडे येऊ. सुरुवातीला सांगितलेल्या चित्रात निळा, हिरवा, पिवळा, लाल असे इंद्रधनुष्याचे रंग होते. ते छान दिसतात, सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षं आपोआप तेच यायचे, म्हणून सगळे तेच वापरत आले.

पण विचार करा. मोठा आकडा कोणता, हिरवा की पिवळा? गडद निळा आणि फिका निळा यांत कमीजास्त लगेच कळतं, हिरवा आणि पिवळा यांत तसं कळत नाही, बाजूची पट्टी बघावी लागते. शिवाय पिवळा रंग डोळ्यांत भरतो. त्यामुळे आकडे हळूहळू बदलत असले तरी पिवळ्याच्या जागी एकदम रेघ मारल्यासारखी वाटते. आकड्यांत नसलेली गोष्ट रंगांमुळे दिसायला लागते.

याने खरोखर काही बिघडतं का? हार्वर्डमध्ये मिशेल बोर्किन आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं आणि 2011 मध्ये प्रसिद्ध केलं. विषय होता धमनीच्या भिंतीवर रक्त जे घासत जातं, त्या घर्षणाचा. निरोगी धमनीत हे घर्षण बऱ्यापैकी असतं. वळणावर आणि फाट्याजवळ रक्त रेंगाळतं तिथे ते कमी पडतं, आणि चरबीचे थर साचायला लागतात ते बहुतेक अशाच जागी. म्हणजे कमी घर्षणाच्या जागा शोधणं म्हणजे पुढच्या ब्लॉकच्या जागा आधीच शोधणं. वैद्यकीय विद्यार्थ्यांना तेच आकडे वेगवेगळ्या चित्रांत दाखवून या धोक्याच्या जागा शोधायला सांगितल्या.

त्रिमितीय धमनी आणि इंद्रधनुष्याचे रंग, म्हणजे सगळ्यात आकर्षक चित्र, त्यात त्यांना 39 टक्के जागा सापडल्या. आकार तोच ठेवून रंग बदलले, धोक्याच्या जागा तेवढ्या एका रंगाकडे गडद होत जातील असे केले, तर 71 टक्के. मग धमन्या उलगडून झाडाच्या फांद्यांसारख्या कागदावर सपाट मांडल्या आणि रंगही ते नवे, तेव्हा 91 टक्के.

आकडे एकच, माणसं तशीच, फक्त मांडणी वेगळी. 39 वरून 91. त्रिमितीय चित्रात एक बाजू बघताना दुसरी लपलेली राहते, सतत फिरवत बसावं लागतं. सपाट चित्र बघायला साधं, पण त्यात काही लपत नाही. रूप आणि आशय वेगळे काढता येतात का, यावर आपल्याकडे दरवर्षी पेपरात प्रश्न येतो. मला आता त्याचं उत्तर लिहायला धमनीचं उदाहरण मिळालं.

चित्रात न दिसणारं

रंग सुधारले तरी एक गोष्ट राहतेच. सिम्युलेशनचं चित्र सगळीकडे सारख्याच खात्रीने बोलतं. जिथे स्कॅन स्वच्छ होता तिथेही रेषा गुळगुळीत, आणि जिथे कॅल्शियममुळे भिंत अंदाजाने काढली तिथेही गुळगुळीतच. हाताने काढलेल्या नकाशात खात्री नसलेला रस्ता आपण तुटक रेषेने दाखवतो. इथे अंदाज आणि मोजमाप एकाच रंगात येतात.

आकड्यांचंही तसंच. 0.80 ही रेघ आहे म्हटल्यावर 0.79 म्हणजे स्टेंट आणि 0.81 म्हणजे नाही, असं वाटू शकतं. तारेने मोजतानाही दोन वेळा मोजलं तर इतका फरक पडू शकतो, मग हिशोबात तर पडणारच. डॉक्टर 0.75 ते 0.80 या पट्ट्याला करडा भाग मानतात, आणि तिथे रुग्णाला होणारा त्रास, त्याचं वय, त्याच्या इतर तपासण्या हे सगळं धरून ठरवतात. दोन दशांश स्थळांचा आकडा बघितला की आपल्याला तो देवाने सांगितल्यासारखा वाटतो. त्याच्यामागे कडांवर केलेली गृहीतकं आहेत, आणि ती चांगली असली तरी गृहीतकंच आहेत.

म्हणून सिम्युलेशन खोटं, असा अर्थ कुणी काढू नये. अँजिओग्राफीची सावलीसुद्धा एक प्रकारचं चित्रच होतं, आणि तिच्यावर विसंबून किती जादा स्टेंट पडत होते ते वर आलंच आहे. चांगल्या हिशोबाने माणसाला एक जखम, एक तार, एक दिवसाचं बिल वाचवता येतं. लहान बाळाच्या बाबतीत तर शस्त्रक्रिया आधी करून बघायची सोय फक्त पडद्यावर असते.

आपल्यापैकी फार थोडे जण हे सॉफ्टवेअर कधी वापरतील. तरी ज्यांना उत्सुकता आहे त्यांच्यासाठी सांगते, सिमव्हॅस्क्युलर नावाचं असं सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि सरावासाठी धमन्यांचे नमुनेही उपलब्ध आहेत. सायन्सची एखादी मैत्रीण सोबत घेतली तर बघायला मजा येते.

पण आपल्या सगळ्यांच्या घरी कधी ना कधी असं एखादं चित्र नक्की येणार, रिपोर्टच्या फाइलमध्ये किंवा डॉक्टरांच्या पडद्यावर. त्या वेळी घाबरून नुसत्या लाल रंगाकडे बघत बसण्यापेक्षा चार प्रश्न विचारावेत. हा आकडा मोजलेला आहे की काढलेला? काढलेला असेल तर काय काय धरून? हा लाल रंग नेमकं काय सांगतो, दाब, वेग की घर्षण? आणि आकडा थोडा इकडेतिकडे झाला तर तुमचा निर्णय बदलेल का? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत. पप्पांच्या डॉक्टरांनी तर कागद घेऊन धमनी काढून दाखवली, साध्या पेनाने, एकाच रंगात, आणि आम्हा सगळ्यांना ती समजली.